कड्याला मारलेला रंधा

मी काय काम करते हे नातेवाइकांना समजावून सांगायचं मी दहा वर्षांपूर्वी सोडून दिलं. हवामानाचं काम करते म्हटलं की ते विचारतात, उद्या छत्री घेऊ का. मला उद्याचं काही कळत नाही. मला तीस वर्षांनंतरचं विचारा.

कामाची कल्पना तशी साधी आहे. संगणकात अख्ख्या पृथ्वीवर जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनात हवा किती गरम, किती ओली, कुठल्या दिशेला निघालेली, ते आकडे भरायचे आणि भौतिकशास्त्राचे नियम लावून तिला पावलापावलाने पुढे ढकलायचं. एक पाऊल म्हणजे काही सेकंद किंवा काही मिनिटं. असं ढकलत ढकलत पुढची वर्षं गाठायची. आमच्या जुन्या मॉडेलचा एक चौकोन शंभर किलोमीटरचा होता. समुद्राचा काठ, सपाटी, डोंगर आणि डोंगरापलीकडचं कोरडं रान, सगळं एकत्र कालवून त्याला एकच उंची आणि एकच पाऊस. माझं माहेर ज्या खोऱ्यात आहे ते खोरं त्यात नव्हतंच. सव्वीस वर्षं मी अशा पृथ्वीवर नोकरी केली जिच्यात माझ्या भावाचं घर नव्हतं, आणि माझं काही अडलं नाही.

अडलं ते गेल्या वर्षी. दादा त्या खोऱ्यातल्या धरणावर दरवाजांचा मुख्य चालक आहे; तिथला रोजचा पाऊसही तोच मोजतो. त्याच्या आधी वडील होते. धरणाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, जुना झालाय आणि नव्याने बांधायचाय. तो केवढा बांधायचा हे एका आकड्यावर ठरणार होतं: पुढच्या काळात खोऱ्यात एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडेल. तीनशे मिलिमीटरच्या आत असेल तर आहे त्या जागी दुरुस्तीवर भागतं. तीनशेच्या वर गेला तर आणखी दोन दरवाजे लागतात, ते डाव्या काठावरच बसतात, आणि डाव्या काठावर क्वार्टर आहे. त्याच क्वार्टरमध्ये दादा आणि मी वाढलो, आणि दादा-वहिनी आजही तिथेच राहतात. तो आकडा समितीने आमच्या संस्थेकडे मागितला आणि संस्थेने फाईल माझ्या टेबलावर आणून टाकली. माझा भाऊ तिथे नोकरीला आहे हे मी लेखी कळवलं. उत्तर आलं, हे काम येणारं दुसरं कोणी नाही, तुम्हीच करा.

"त्यासाठी सगळी पृथ्वी कशाला?" दादाने फोनवर विचारलं. "आमच्यापुरतं खोरं चालव की."

"आणि तुझ्या खोऱ्यात वारा कुठून आणू? तो चार हजार किलोमीटर लांब समुद्रात सुटतो. नुसतं खोरं घेतलं तर कडेने जुन्याच मॉडेलचा वारा भरावा लागतो. म्हणजे चुका त्याच, फक्त बारीक अक्षरात."

"बरं. मग कर सगळी पृथ्वी," तो म्हणाला. जणू मी केर काढायला उठले होते.

नवं मॉडेल तीन किलोमीटरच्या चौकोनांचं. जुन्यात ढग चौकोनापेक्षा लहान, त्यामुळे पाऊस ठोकताळ्याने पाडावा लागायचा. तीन किलोमीटरला मोठी वादळं आपली आपण उभी राहतात, कुणी न शिकवता. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. पण फुकट काही मिळत नाही. लांबीला तेहतीस पट चौकोन, रुंदीला तेहतीस पट, आणि चौकोन लहान म्हणून पावलंही तेवढीच लहान. गुणाकार केला की छत्तीस हजार पट काम होतं. एवढं काम उचलणारं मशीन एकच, आणि त्याच्या दारात सगळ्यांची रांग. आम्हाला चाळीस दिवस मिळाले. मशीनच्या एका दिवसात मॉडेलचे दीड महिने सरकतात, म्हणजे चाळीस दिवसांत सलग पाच वर्षं. एवढी बारीक आणि एवढी सलग पृथ्वी आमच्याकडे आजवर कुणी चालवली नव्हती. माझ्या गटाने सहा वर्षं याच चाळीस दिवसांची वाट पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी मॉडेल बंद पडलं. कुठल्याशा उभ्या कड्यावर वाऱ्याचा वेग अचानक अशक्य वाढला आणि तिथून सगळे आकडे नासत गेले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच कड्यावर पडलं.

आमच्या धंद्यात यावर एक जुना इलाज आहे. लिहिताना आम्ही त्याला भारदस्त नाव देतो, आपापसात मात्र 'रंधा मारणे' म्हणतो. सुतार फळीला मारतो तसा. शिखरं थोडी खाली येतात, दऱ्या थोड्या वर येतात, उतार सौम्य होतो आणि मॉडेल निमूट चालायला लागतं. सगळे करतात. किती मारला हे लिहून ठेवायचं असतं, आणि ते फार थोडे करतात.

आमच्या गटातल्या प्रोग्रॅमरला आम्ही चष्मा म्हणतो, कारण त्याचा एक चष्मा डोळ्यांवर असतो आणि दुसरा कपाळावर. तो म्हणाला, "मॅडम, पाऊल अर्धं करून बघू या का? डोंगर आहेत तसे राहतील."

"पाऊल अर्धं म्हणजे वेळ दुप्पट. पाच वर्षांची अडीच होतील. रंधा मार."

"उंचीची फाईल कच्ची आहे ना? तिला आधी मारलेला नाही ना?"

"फाईल मी बनवली आहे," मी म्हणाले. हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण माझा आवाज असा होता की त्याने ते उत्तर म्हणून घेतलं.

मॉडेल धावायला लागलं ते थांबेचना. समितीच्या इंजिनियरने आकड्यासाठी तगादा लावला होता. एकविसाव्या दिवशी हाताशी सव्वादोन वर्षं जमली, त्यांवरून हिशेब करून, वर सुरक्षिततेची भर घालून मी तात्पुरता आकडा पाठवला: दोनशे चाळीस.

आता खरं सांगते. तो आकडा पाहून मला आनंद झाला. घर वाचलं होतं. वहिनीला मीच फोन करून सांगितलं आणि गटाला चहा पाजला. तोच आकडा चारशे आला असता तर मी चष्म्याला आणि मॉडेलला आठवडाभर सोलून काढलं असतं. दोनशे चाळीसला मी एक प्रश्न विचारला नाही. हवा तो आकडा आला की माणूस किती विश्वासू होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला.

"धाकटे, आकडा चुकलाय."

"कशावरून?"

"अकरा वर्षांपूर्वी इथे एका दिवसात दोनशे त्रेसष्ट पडलाय. आणि तुझं मॉडेल म्हणतंय, हवा आणखी एवढी तापल्यावर त्याहून कमी पडणार?"

"दादा, त्या नोंदीपुढे हवामान कचेरीने प्रश्नचिन्ह टाकलंय. ती दोन मोजण्यांची बेरीज आहे."

"मापकाची बाटली काठोकाठ भरली, म्हणून मधेच जाऊन मोजून ओतली आणि परत लावली. दुसरं काय करायला पाहिजे होतं?"

"तसं नाही. पण एवढ्या पावसात, एकटा माणूस, घाईत चूक होऊ शकते."

दादा म्हणाला, "मी बत्तीस वर्षं मोजतोय. मला मोजता येतं."

मला राग आला. "तुला कळतंय का तू काय मागतोयस? आकडा तीनशेच्या वर गेला तर क्वार्टर पाडतील."

"कळतंय. इंजिनियर मागेच येऊन भिंतीवर खुणा करून गेलाय. मी आकड्याचं बोलतोय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दादाचंच चुकतंय हे दाखवायचं, एवढ्याच हट्टाने मी कामाला बसले. मला त्या खोऱ्यातला तासातासाचा वारा पाहायचा होता. तो नव्हता. बारीक मॉडेलचं हे एक दुखणंच आहे: ते इतके आकडे ओकतं की सगळे ठेवायला जागा कुठेच नसते, म्हणून काय ठेवायचं ते आधी ठरवतात आणि उरलेलं जागच्या जागी पुसून टाकतात. आम्ही रोजची बेरीज ठेवली होती, तास पुसले होते. राहता राहिली जमिनीच्या उंचीची फाईल. मी दादाला उलटा फोन केला.

"आपल्या मागच्या कड्याची उंची किती रे?"

"माथ्यावर खांबाला पाटी आहे. अठराशे चाळीस मीटर."

मॉडेलमध्ये तो कडा तेराशे दहा होता. एका रंध्याने दोनशे, फार तर अडीचशे मीटर जावेत. इथे पाचशे तीस गेले होते. मी जुनी कपाटं उघडावीत तशी जुनी फोल्डरं उघडत गेले आणि नऊ वर्षांपूर्वीचं माझंच काम सापडलं. तेव्हाच्या मॉडेलच्या मोठ्या चौकोनांची सरासरी काढण्याआधी मी त्या बारीक फाईलला रंधा मारला होता, नाव तेच ठेवलं होतं आणि कुठे एक ओळ लिहिली नव्हती. त्यावर आता दुसरा बसला. खोऱ्यात येणाऱ्या ढगांना कडा अडवतो म्हणून तिथे पाऊस कोसळतो. आमच्या पृथ्वीवर कडा खुजा झाला होता, ढग त्यावरून आरामात पलीकडे जात होते आणि कोरड्या रानात रिकामे होत होते.

मी गटाला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "चष्म्या, तू नेमकं विचारलं होतंस. मी नीट उत्तर दिलं नाही. चूक माझी आहे."

त्याने कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आता?"

आता एकोणीस दिवस उरले होते. डोंगर खऱ्या उंचीचे ठेवायचे तर पाऊल अर्धं करणं भाग होतं, म्हणजे मशीनच्या एका दिवसात मॉडेलचे जेमतेम तीन आठवडे. सलग चालवलं तर सगळं मिळून एक वर्ष, आणि एका वर्षात पावसाचा हंगाम एकच. फळ्यावर अर्धा तास खडू झिजवल्यावर एकच वाट उरली. सलग वर्षं सोडून द्यायची. जुन्या मॉडेलने पुढची जी वर्षं दाखवली आहेत त्यांतली तीन घ्यायची, प्रत्येकाचे पावसाचे चार महिने तेवढे बारीक चालवायचे. तीन हंगाम आणि वर थोडे दिवस.

आमच्याकडे समुद्रावर काम करणारी एक बाई आहे. माझ्याच वयाची, माझ्याहून शांत. समुद्र फार हळू बदलतो, म्हणून तिला सलग पाच वर्षं हवी होती. तीन तुकड्यांचं ती काही करू शकत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं.

"पुढची पाळी कधी येईल?" तिने विचारलं.

"दोन वर्षांनी. आली तर."

"डोंगर नक्की चुकलाय ना?"

"नक्की."

"मग मला विचारतेस कशाला?" ती म्हणाली आणि आपल्या फायली उचलून बाहेर गेली. सहा वर्षांची मेहनत तिने त्या एका वाक्यात सोडली. मी तिच्या मागे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी बेत बदलायचा अर्ज लिहायला बसले.

मशीनची वेळ वाटणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्यासमोर अर्ज ठेवला तर ते म्हणाले, "मॅडम, मधेच बेत बदलायची सोय नाही. कारण लिहावं लागेल, आणि ते वरपर्यंत जाईल."

"लिहा."

"काय लिहू? तांत्रिक अडचण?"

"गटप्रमुखाची चूक, असं लिहा. खाली माझं नाव घाला."

त्यांनी मी सांगितलं तसंच लिहिलं. तिथून मी समितीच्या इंजिनियरला फोन लावला. आकडा मागे घेते म्हटल्यावर तो उसळला. "अहो मॅडम, आम्ही त्यावर आराखड्याच्या रेषा मारल्या."

"पुसा," मी म्हणाले.

सगळ्यात अवघड फोन वहिनीचा होता. माझा दोनशे चाळीस ऐकून तिने स्वयंपाकघर रंगवायला काढलं होतं.

"वहिनी, रंग थांबवा."

"अगं, एक भिंत झालीय."

"तरी थांबवा. मी चुकले. घर राहील असं मी सांगायला नको होतं."

"जाणार का मग?"

"माहीत नाही. पण आता मला पाहिजे तो आकडा नाही काढणार, येईल तो काढणार."

वहिनी म्हणाली, "बरं. डबे झाकून ठेवते." आणि मला जेवलीस का विचारून तिने फोन ठेवला. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ते एकोणीस दिवस मी कुणाला सुखाने श्वास घेऊ दिला नाही. कच्च्या उंचीची मूळ फाईल शोधून काढली आणि जगातल्या दोनशे शिखरांची उंची छापील यादीशी एकेक करून ताडून पाहिली; दोघे वाचणार, एक खूण करणार. खऱ्या डोंगरांवर मॉडेल दोनदा पडलं. दोन्ही वेळा एकच सोपी वाट समोर होती आणि दोन्ही वेळा कुणी रंध्याचं नाव काढलं नाही. पहिल्यांदा चष्म्याने वाऱ्याच्या हिशेबातली एक ओळ सुधारली. दुसऱ्यांदा त्या एका आठवड्यापुरतं पाऊल आणखी लहान केलं आणि अर्धा दिवस गमावला. या खेपेला खोऱ्यातला तासातासाचा वारा ठेवला आणि त्याच्या जागेसाठी लांबच्या वाळवंटांचे तास पुसले.

शेवटी दीड दिवस उरला. गटाला वाटलं, तो चौथ्या हंगामाच्या तुकड्यावर घालवू. मी नाही म्हटलं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्याची खरी हवा, तेव्हा जगभर मोजलेली, मॉडेलमध्ये भरली आणि तो एक आठवडा चालवला. दादाच्या त्या दिवशी मॉडेलने खोऱ्यात दोनशे एक्कावन्न मिलिमीटर पाऊस पाडला. तासातासाचा नकाशा लावला तर कड्याला टेकून ढग सात तास हललेच नव्हते.

मी लगेच फोन केला. "दादा, तुझी मोजणी बरोबर होती. मी तुझ्यावर शंका घेतली, माझं चुकलं."

"बरोबर होती हे मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "पुढचं काय निघालं ते सांग."

"ते आता समितीतच सांगेन. आधी तुला सांगणं बरं नाही."

"तेही खरं," तो म्हणाला. माझ्या आवाजावरून त्याला सगळं कळलं असणार.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. मध्ये अध्यक्षबाई, उजवीकडे इंजिनियर, आणि धरणावरच्या कामगारांच्या वतीने टोकाला दादा, इस्त्रीच्या शर्टात. मी आकडा सांगितला. तीन हंगामांवरून, सगळी भर धरून तीनशे तीस ते चारशे दहा. आराखड्यासाठी धरायचा तो तीनशे सत्तर.

इंजिनियर म्हणाला, "तीन हंगामांवरून तुम्ही दोन दरवाजे वाढवायला सांगताय?"

"हो. तीस हंगाम चालवता आले असते तर चालवले असते. तेवढं मशीन कुणाकडे नाही. जुन्या मॉडेलने शंभर हंगाम चालवता येतात, पण त्यात हे खोरं नाही."

"म्हणजे खात्री नाही."

"नेमका तीनशे सत्तरच, अशी खात्री नाही. पण तीनशेच्या आत भागणार नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते."

"मागच्या वेळीही तुम्ही जबाबदारीनेच सांगितलं होतं."

"मागच्या वेळी मी कड्याची उंची तपासली नव्हती," मी म्हणाले. "मला तो आकडा हवा होता म्हणून तपासली नव्हती. या वेळचा आकडा मला नको आहे. तरी तोच आलाय."

अध्यक्षबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या की आकडा मान्य करायचा तर डावा काठ मोकळा करावा लागेल, आणि तिथे राहणाऱ्यांची लेखी हरकत असेल तर ती आजच नोंदवावी लागेल. तीन आठवडे कामाच्या नादात मी ज्याला बगल देत होते ते आता समोर आलं. दादाने हरकत घेतली असती तर प्रकरण वर्षभर लांबलं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, घ्यावी त्याने. मी माझं काम केलं होतं, आता त्याने घर वाचवलं तर मला दोष नव्हता.

दादाने कागद पुढे ओढला. ओळींखालून बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या खाली गावात किती माणसं आहेत, धाकटे?"

"अकरा हजार."

"तुझ्या त्या तीन हंगामांत, आहे तो सांडवा पुरला का?"

"दोनदा पुरला. एकदा नाही."

त्याने मान हलवली. हरकतीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि सही केली. मग कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला, कारण आकड्याची जागा अजून मोकळी होती आणि ती मीच भरायची होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते पुसलं नाही.

"सावकाश लिही," दादा म्हणाला. "खाडाखोड नको."

मी तीनशे सत्तर अंकांत लिहिलं, मग अक्षरांत लिहिलं, आणि खाली सही केली.